व्हॅन गॉगचं ‘डॉ. गाशे’ हे व्यक्तिचित्र आजवर कोणाकोणाकडे होतं?

व्हिन्सेंटने आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं ते चित्र जून १८९० मध्ये, मृत्यूच्या महिना-दीड महिना आधी रंगवलं. १८९७ मध्ये त्याची भावजय योहानाने ते अवघ्या ३०० फ्रँकना विकलं. हात बदलत बदलत १९११ मध्ये ते फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आलं. १९३७ मध्ये नाझींनी ते जप्त केलं आणि नाझी नेता गोअरिंगने परस्पर विकून टाकलं. मला हेच सर्वांत जास्त डाचतं. पुढे क्रामार्स्की या ज्यू बँकरच्या कुटुंबाबरोबर ते न्यूयॉर्कला पोचलं. मे १९९० च्या लिलावात जपानी उद्योगपती साइतो यांनी त्यासाठी ८.२५ कोटी डॉलर मोजले. १९९६ मध्ये साइतो वारले. चित्र लोकांच्या नजरेआडच राहिलं.

मुठीवर गाल टेकलेले ते खिन्न डॉक्टर पाहायचेच असतील, तर पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात दुसरी आवृत्ती आहे. मात्र तिच्यात टेबलावरची पिवळी पुस्तकं नाहीत.