आईने ‘लोड’ घ्यावा का?

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे: “आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या नव्या आईपणावरची एक विनोदी कादंबरी चालू आहे. नायिका पुण्यातली, तिशीची, पहिलटकरीण. ती उठताबसता ‘लोड घेऊ नकोस’, ‘भारी’, ‘डोक्याला शॉट’ असं बोलते. त्यावरून कट्ट्यात तट पडले. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, आईच्या तोंडी ही टपोरी भाषा शोभत नाही. तरुण मुली म्हणाल्या, कोणीतरी एकदाचं आमच्यासारखं लिहिलं. मला स्वतःला भाषा ओढूनताणून आणल्यासारखी वाटली, पण का ते सांगता येईना. ‘लोड घेणे’ हे मराठी आहे का? त्याऐवजी ‘ताण’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी गंमत तिथेच आहे. बिघडलं असतं.

आधी ‘घेणे’ बघा. मराठीत काळजी एकच, पण ती करणं वेगळं आणि घेणं वेगळं. काळजी करणारी रात्रभर कूस बदलत पडते. काळजी घेणारी उठून बाळाच्या कपाळाला हात लावून बघते. आईपण या दोन क्रियापदांच्या मध्येच कुठेतरी चाललेलं असतं. याच ‘घेणे’ची आणखी भावंडं आहेत: मनावर घेणे, अंगावर घेणे, ओढवून घेणे, लावून घेणे. या सगळ्यांत बाहेरची गोष्ट आपण होऊन स्वतःकडे ओढून घेतलेली असते.

‘लोड’ या रांगेत येऊन बसला तो बैठकीतल्या लोड-तक्क्यातून नव्हे. तो लोड वेगळा, त्याचं सामान्यरूप होतं, आपण ‘लोडाला टेकून’ बसतो. हा आला तो ट्रकमधून आणि विजेच्या खांबावरून. माल लोड करतात, मोटरवर लोड येतो, आणि लोडशेडिंग तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सरकारी कागदावर त्याला भारनियमन म्हणतात. म्हणजे हा शब्द आपल्याकडे आला तोच मुळी बाहेरून येऊन पडणाऱ्या वजनाचा अर्थ घेऊन.

म्हणून ‘लोड घेऊ नकोस’ हे दुसऱ्या कशाचं नुसतं नवं रूप नाही. ‘काळजी करू नकोस’ आपण पुढे काय होईल या भीतीवर म्हणतो. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ कोणीतरी टोचून बोलल्यावर म्हणतो. ‘लोड घेऊ नकोस’ सांगतं की ओझं लोकांनी तुझ्यापुढे आणून ठेवलंय, ते उचलायचं की नाही हे तुझ्या हातात आहे. आता बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणा. एक म्हणते गुटी उगाळ, दुसरी म्हणते गुटी अजिबात देऊ नकोस. कोणी म्हणतं टाळू भर, कोणी विचारतं दूध पुरतंय ना, कोणी दाराशीच उभं राहून ‘बाळ बारीकच वाटतंय’ म्हणून जातं. या बाईला ‘ताण घेऊ नकोस’ म्हटलं तर ताण तिच्या आतला होतो, जणू दोष तिच्या नसांचा. ‘लोड’ म्हटल्यावर बोट बरोबर त्या दाराकडे जातं. विनोदी कादंबरीला हे बोट फार मोलाचं असतं.

आणि एक गोष्ट आदराने सांगावीशी वाटते. तुमच्या शिक्षिकाबाईंच्या पिढीतल्या कितीतरी बायका ‘टेन्शन घेऊ नको’ असं दिवसातून चारदा सहज म्हणतात. ‘लोड घेणे’ची घडण तंतोतंत तीच आहे. टेन्शन घरात जुनं झालं म्हणून खटकत नाही, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यात माझी भाची बाळंत झाली. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी पाटावर बसल्या होत्या, पाय पसरून, पायांवर बाळ उपडं. तेल लावलेल्या पाठीवर त्यांचा हात फिरत होता. भाची रडवेली होऊन विचारत होती, दूध कमी पडतंय का. मावशी मान वर न करता म्हणाल्या, “ताई, लोड नका घेऊ. बाळ ओढेल तसं येतं.” मी ते शब्द घरी येऊन वहीत लिहून ठेवले. मावशी साठीच्या आहेत, आणि त्यांनी तो वाक्प्रचार ‘नका घेऊ’ असा आदरार्थी रूपात वापरला होता. कट्ट्यावरच्या पोरांचा शब्द अहो-जाहोत जाऊन बसला की तो घरचा झाला असं मी समजते. माझी ही कसोटी सहसा चुकत नाही. ‘डोक्याला शॉट’ अजून त्या पायरीवर पोचलेला नाही. मोठ्यांना उद्देशून तो म्हणायला आजही जीभ अडखळते.

‘भारी’बद्दल मात्र वादच नको. हा आपला जुना शब्द, भार वरून आलेला. वजनदार वस्तू भारी, मग जरीने जड झालेली साडी भारी, जड जरीची म्हणून महाग, महाग म्हणून उंची. आजही लग्नाच्या खरेदीत ‘जरा भारीतली दाखवा’ म्हणतातच. तिथून ‘भारी लिहिलंय’ एका पावलावर. आणि आईपणाशी या वजनाचं नातं तर फारच जुनं. ‘गरोदर’ची व्युत्पत्ती गुरु अधिक उदर, म्हणजे जड पोट, अशी सांगतात. हिंदीत पाँव भारी होतो, आपल्याकडे बाईची पावलं जड होतात. वजनाच्या शब्दांनीच ज्या अवस्थेचं वर्णन होत आलं, तिच्यातल्या बाईने ‘भारी’ आणि ‘लोड’ म्हणावं यात मला तरी उपरं काही दिसत नाही.

आता ‘आईच्या तोंडी शोभत नाही’ हा आक्षेप. आपल्या आया-आज्या खरोखर कशा बोलत होत्या ते आठवा. कोकणातली आजी नातवाला लाडाने ‘शिंच्या’ म्हणते; तो शब्द ‘शिंदळीचा’ वरून आलेला, मुळात सणसणीत शिवी. ‘मेल्या’ म्हणजे मेलेला, ‘मुडद्या’ म्हणजे प्रेत. लेकराला पोटाशी धरून हे शब्द बोलले गेले आणि त्यातली माया लेकराला बरोबर कळली. घरातल्या बायकांची भाषा कायम तिखट, चटपटीत होती. मंगळागौरीच्या खेळांतली गाणी सासरच्या माणसांची काय टर उडवतात! फक्त ही भाषा स्वयंपाकघरात आणि जात्यापाशी राहिली, छापील पानावरची आई शांत आणि सोज्ज्वळ झाली. नव्या कादंबरीतली आई म्हणूनच काहींना परकी वाटते.

तरीही तुमचं ‘ओढूनताणून’ मला पटतं. तुम्ही पाठवलेली दोन पानं मी मोठ्याने वाचून पाहिली. नायिकेची वाक्यं खरी वाटतात. पण सांगलीच्या सासूबाईही ‘डोक्याला शॉट’ म्हणतात! त्या ‘डोकं उठवलंस’ म्हणाल्या असत्या, किंवा ‘जीव नुसता मेटाकुटीला आला’. शेजारच्या सदाशिव पेठी काकूंच्या तोंडी ‘नाद खुळा’ आहे, जो कोल्हापूरकराच्या तोंडूनच त्याच्या खऱ्या ठसक्यात येतो. नायिका एकदा ‘सॉलिड’ म्हणते. तो माझ्या पिढीचा शब्द, तिशीतल्या मुलींकडून मी तो क्वचितच ऐकते. बालरोगतज्ज्ञही नायिकेसारखेच बोलतात. सगळ्या पात्रांना एकाच दुकानातले कपडे घातल्यासारखं होतं, आणि मग नायिकेचे स्वतःचे शब्दही उसने भासू लागतात. तुमच्या कानाला खटकलं ते हे. सासूबाई त्यांच्या सांगलीच्या बोलीत आणि सून तिच्या बोलीत भांडली असती, तर त्याच प्रसंगात दुप्पट हशा आला असता.

कट्ट्यावर बहुधा हेही निघालं असेल की दहा वर्षांनी हे कोणाला कळेल का. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीतलं ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ आजही कळतं, कारण ते तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या श्वासाचा भाग आहे. ‘लोड’ नायिकेचा राहिला तर तो टिकेल.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. बाराव्या दिवशी नायिका सासूबाईंना म्हणते, “आई, तुम्ही नका ना लोड घेऊ, बारसं साधंच करू.” शिक्षिकाबाईंना ते वाक्य आधी आहे तसं मोठ्याने वाचायला सांगा, मग ‘ताण’ घालून, मग ‘काळजी करू नका’ म्हणून. आणि त्यांनाच विचारा, कोणत्या वाक्यात सून सासूच्या बाजूने उभी आहे.