आकडे तेच, निकाल वेगळा

प्रश्न : ताई, माझा दादा बीएमडब्ल्यू एम२चा चाहता आणि मी पोर्शे ७१८ केमन जीटीएसचा. दोन नियतकालिकांत या गाड्यांची तुलना वाचली. एकाने एम२ला वर ठेवलं, दुसऱ्याने केमनला. मोजमापं मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी. मग दोघांपैकी एक पक्षपाती आहे असं समजायचं का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही, दोघंही खरंच लिहीत असतील. वेग, ब्रेकचं अंतर, वजन यंत्राने मोजता येतं. पण त्यातल्या कशाला किती गुण द्यायचे, हे लिहिणारा ठरवतो आणि बहुतेकदा वाचकाला सांगत नाही. माझा राग त्या न सांगण्यावर आहे.

तुमच्या केमनचंच बघा. २०१६ साली पोर्शेने तिचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो, म्हणजे जादा हवा दाबून आत घेणारं, बसवलं. केमनच्या ‘एस’ प्रकाराची ताकद ३२५ वरून ३५० अश्वशक्तीवर गेली, कमी आरपीएमवरची (इंजिनच्या मिनिटाला कमी फेऱ्या असतानाची) ओढही वाढली. स्टॉपवॉचवर नवी गाडी सरस. तरीही कितीतरी जाणकारांनी जुनीच उचलून धरली, कारण आवाज गेला होता! आरपीएमबरोबर चढत जाणारा तो सूर ज्याला हवा, त्याला वाढलेल्या पंचवीस अश्वशक्तीचं काय कौतुक? पुढे २०२० मध्ये जीटीएसला चार लिटरचं, सहा सिलिंडरचं, बिनटर्बो इंजिन मिळालं, ४०० अश्वशक्तीचं. तुम्हाला आवडते ती हीच.

आता दादाची एम२. तीन लिटरचं टर्बो इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, २०२३ला आली तेव्हा ४६० अश्वशक्ती. वजन साधारण १,७०० किलो. तुमची जीटीएस १,४०० च्या आसपास. केमनचं इंजिन सीटच्या मागे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असतं, त्यामुळे वळणात नाक झटकन फिरतं. माळशेज घाट डोळ्यांसमोर ठेवून गुण देणारा तिलाच निवडणार. पाम बीच रोडवर सिग्नल सुटल्यावर पाठीला बसणारा रेटा ज्याला प्यारा, तो एम२ म्हणणार. यात कुणाची लबाडी नाही.

मी वागळे इस्टेटमध्ये व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, काम करते. तीच गाडी, तेच टायर. बाप म्हणतो, ‘स्टिअरिंग जड झालं,’ आणि मुलगा म्हणतो, ‘आता कुठे गाडी हातात आली.’ मशीनवरचा कागद दोघांसाठी एकच असतो. (आणि हो, टायरची हवा तपासल्याशिवाय स्टिअरिंगबद्दल कुणाचंच मत मी मनावर घेत नाही.)

म्हणून परीक्षण वाचताना शेवटचा निकाल आधी झाका. लिहिणारा कुठे रमलाय ते शोधा: गिअरच्या दांडीवर, सस्पेन्शनवर, की डिक्कीवर? त्याची इतर परीक्षणंही वाचा. दर वेळी हलकीच गाडी जिंकत असेल, तर त्याची आवड कळली. तेवढी वजा करून उरलेलं वाचा.

माझी आवड उघड सांगते. मला बिनटर्बो इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर हवेत, त्यामुळे माझं मत जीटीएसला. पण तिच्यात दोनच सीट आहेत. आईबाबांना मागे बसवून पुण्याला जायचं असेल, तर एम२च घ्यावी लागेल, आणि तिच्यातही मॅन्युअल गिअर मिळतो.