पानात काय वाढलंय? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. ‘संतुलित आहार’ म्हटलं की मुलं कर्बोदके, प्रथिने, जीवनसत्त्वे घडाघडा म्हणून दाखवतात. मधली सुट्टी झाली की तीच मुलं गेटबाहेरच्या टपरीवर चिप्सच्या पाकिटांवर तुटून पडतात. माझ्या हातात तीन तासिका आहेत. भाषण नको, वर्गात करता येईल असं काही सांगा.

उत्तर : बाई, भाषण नको म्हणालात तिथंच निम्मं काम झालं. तेरा-चौदाच्या पोरांना ‘हे खाऊ नका’ सांगणं म्हणजे टपरीची फुकट जाहिरात. त्यांना हिशेब करायला द्या.

पहिल्या तासाला पोषण आहाराच्या खोलीतून थोडे तांदूळ, डाळ आणि तराजू मागवा. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी धरलेली असते. त्यातून 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, अशी अपेक्षा आहे. आधी मुलांना अंदाजाने 30 ग्रॅम डाळ काढू द्या आणि मग तोला. कुणी चिमूटभर काढेल, कुणी वाटीभर. मग फळ्यावर गणित मांडा : 30 ग्रॅम डाळीत साधारण 7 ग्रॅम प्रथिनं, 150 ग्रॅम तांदळात 11-12 ग्रॅम. म्हणजे डाळीपेक्षा भातातून जास्त! इथं वर्ग जागा होतो. मग भातच खाल्ला तर काय बिघडलं, असं कुणीतरी विचारणारच. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात; त्यांपैकी तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, डाळीच्या प्रथिनात मेथिओनिन कमी असतं. दोन्ही एका पानात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरणभाताला ‘आजाऱ्याचं जेवण’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हे ऐकवायला मला फार आवडतं.

दुसऱ्या तासाला मुलांना टपरीवरची रिकामी पाकिटं आणायला सांगा. आपल्याकडे पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. जे सगळ्यात जास्त, ते आधी. बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचायला लावा, मैदा, साखर, पामतेल हे त्रिकूट बहुतेक पुड्यांवर सापडेल. समोर मोठ्या अक्षरात मात्र दूध नाहीतर गव्हाची ओंबी! पुढे ‘पर सर्व्ह’चा, म्हणजे एका वेळी खायच्या मापाचा, रकाना पाहा. पुडा केवढा आणि त्यांची ‘सर्व्ह’ केवढी? अख्खा पुडा एकट्याने संपवणारं पोर वर्गात असतंच, त्यालाच बेरीज करायला लावा.

एक प्रयोग मात्र चुकवू नका. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला साधारण 10-11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 300 मिलीच्या बाटलीत 32 ग्रॅमच्या आसपास. पाच ग्रॅमचा चमचा घ्या आणि एखाद्या मुलीला काचेच्या ग्लासात कोरडी साखर मोजून टाकायला सांगा. सहा चमचे होऊनही थोडी उरते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण गरजेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर पाच टक्क्यांच्या. दिवसाला 2400 कॅलरी लागणाऱ्या मुलीसाठी पाच टक्के म्हणजे 30 ग्रॅम. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला, वर चहा-बिस्किटं राहिलीच. ग्लास टेबलावर तसाच ठेवा आणि काही बोलू नका. मोठ्या माणसांनी आपल्याला गंडवलंय हे कळल्यावर या वयात जो राग येतो, तो आपल्या फार कामाचा असतो.

तिसऱ्या तासाला प्रत्येकाने काल दिवसभरात काय खाल्लं ते लिहावं, पण ते मोठ्याने वाचायचं नाही. कुणाच्या घरी काल मटण असतं, कुणाच्या घरी भाकरी-ठेचा, एखाद्या घरी चूलच पेटलेली नसते. त्याची वर्गात चर्चा झाली की त्या पोराच्या दृष्टीने आहाराचा विषय कायमचा संपला. वर्गासमोर वजनं करू नका, जाड-बारीक हे शब्दही नकोत. लिहून झालं की एकच काम द्या : आहे त्याच जेवणात गावात मिळणारी एक गोष्ट वाढवायची. मूठभर फुटाणे, शेंगदाणे, वाटीभर ताक, पेरू, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ज्याला जे परवडेल ते. काय काढायचं, ते विचारूच नका.

टपरीबद्दलही सांगते. 2020 सालच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. नियमाची प्रत मुख्याध्यापकांना जरूर द्या. पण टपरीवाल्याचंही पोट त्यावर चालतं. आधी त्याला उकडलेल्या शेंगा, फुटाणे, पेरूच्या फोडी ठेवायला सांगून पाहा. तिखटमीठ भुरभुरलेला पेरू खपतो हो!

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. मोबाइलवर रील बघून तिनं रात्रीचं जेवण सोडलंय. सकाळी काळी कॉफी, दुपारी फळं. काही म्हटलं की अंगावर येते. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : आधी एक विचारते, रागावू नका. घरात येणारं-जाणारं कुणी तिला ‘काय गं, सुटलीस!’ म्हणतं का? आत्या, मामी, शेजारच्या काकू? असेल तर आधी त्यांना आवरा, तेही तिच्यादेखत. आणि स्वतःच्या पोटाकडे बघत ‘मला आता डाएट करायलाच हवं’ असं तुम्हीही तिच्यासमोर म्हणू नका.

या वयात उंची वाढत असते, पाळी सुरू झालेली असते. 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला 22. देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे 59 जणींना रक्तक्षय आढळला होता. तिची चिडचिड हा निव्वळ स्वभाव असेलच असं नाही, डॉक्टरांकडून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाजरीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ यांवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहा-कॉफी जेवणाला लागून नको, तासभर तरी मध्ये जाऊ द्या. शाळेत आठवड्याची निळी गोळी मिळत असेल तर ती लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची असते. ती चुकवू देऊ नका.

रात्री तिच्यासाठी वेगळं ताट वाढून मागे लागू नका. सगळे एकत्र बसा, विषय जेवण सोडून दुसरा काढा. मात्र पाळी थांबली, चक्कर येऊ लागली, वजन झपाट्याने उतरलं किंवा जेवणानंतर ती न्हाणीघरात जाऊन उलटी करते अशी शंका आली, तर हे प्रकरण घरगुती उपायांचं राहिलं नाही. डॉक्टर आणि समुपदेशक दोघांकडे जा, आणि थांबू नका.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, कबड्डी खेळतो. ‘सगळे घेतात’ म्हणून प्रोटीन पावडरचा डबा मागतोय. (एक वडील, सातारा)

उत्तर : त्याला म्हणा, आधी बेरीज दाखव. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी 12-13, अर्धा लिटर दूध 16, मूठभर शेंगदाणे 7, वाटीभर घट्ट वरण 7. झाले की 42! पोळ्या-भाकऱ्या आणि भात अजून मोजलेच नाहीत. अंडी चालत नसतील तर उसळ आणि दही वाढवा. खेळाने भूक वाढते, तेव्हा सरावाहून आल्यावर त्याच्या हाती लागेल असं घरात काहीतरी ठेवा. डब्याच्या पैशांत चांगले बूट येतील.

प्रश्न : नातवासाठी साखरेऐवजी गुळाचे लाडू केले तर कितीही खाल्लेले चालतात ना? (एक आजी, नाशिक)

उत्तर : आजी, गूळही साखरच, फक्त रंग वेगळा. लाडू कराच, पण अळिवाचे करा, लोह भरपूर. आकार लिंबाएवढा आणि दिवसाला एक. खोबरं नातवाकडून खवून घ्या. विळीवर बोटं सांभाळायला सांगा, आणि पहिला लाडू त्यालाच वळू दे, वाकडा झाला तरी.