नुसतं ‘टक’ वाजतंय म्हणून सेल्फ बांधू नका: मोसंबीच्या बागेतल्या रायडिंग मोवरसाठी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रिसॉर्टवाल्याकडून घेतलेलं जुनं रायडिंग मोवर (वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन), अंबडकडची मोसंबीची बाग, ओळींमधलं गवत कापायला वापरता. दिवाळीनंतर शेडमध्ये उभं केलं आणि जूनमध्ये गवत वर आल्यावर बाहेर काढलं. चावी फिरवली की नुसतं टक वाजतं. जीपच्या बॅटरीला जोडून चालू केलं तर रेस (इंजिनचा वेग) आपोआप वर-खाली होते, आणि पातं लावलं की इंजिन बंद पडतं. मेकॅनिक म्हणतो, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) बांधून घ्या आणि कार्बोरेटर नवा टाका.

पैसे अजून देऊ नका. या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचं मूळ बहुतेक एकच आहे: मशीन सात महिने उभं राहिलं. आपल्याकडे गवत जून ते ऑक्टोबर. पुढे जमीन तडकते, हराळीसुद्धा वाळून जाते आणि मशीन पत्र्याखाली ४२-४३ डिग्रीत पडून राहतं. मी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आता ९ वर्षांपासून बदनापूरकडे स्वतःच्या बागेत असंच मशीन चालवतो. माझ्या मशीनला चालताना जेवढं झालं नाही तेवढं उभं असताना झालं.

आता पुन्हा चावी फिरवण्याआधी एक काम करा. ऑइलची डिपस्टिक काढा, पातळी बघा आणि वास घ्या. ऑइल खुणेच्या वर चढलं असेल, पातळ वाटत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, अडकून टाकीतलं पेट्रोल इंजिनात उतरलंय. तसं असेल तर चालू करूच नका. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन फिरवलं की बेअरिंग आणि सिलिंडर घासतात, आणि मग खरोखरच मोठा खर्च लागतो. नीडल साफ करा, ऑइल बदला, मगच पुढचं.

आता ‘टक’. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. रिकामी असेल तर लहान चार्जरवर रात्रभर लावा. सकाळी चार्जर काढल्यावर दोन तास थांबून पुन्हा मोजा, लगेच मोजलं तर आकडा खोटा चढलेला दिसतो. मग घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी गेली. टक-टक-टक अशी भरभर वाजली तर करंट कमी आहे. एकच दणकट टक वाजून शांत झालं आणि व्होल्टेज बारावरच टिकून राहिलं, तर बॅटरी चांगली आहे, करंट वाटेत कुठेतरी अडलाय.

इथेच माझे दुसऱ्या वर्षी पैसे गेले. हाच आवाज होता. सेल्फ काढून नेला, बांधून आणला, बसवला, तरी टक. नंतर बघितलं तर बॅटरीच्या निगेटिव्हची अर्थिंग वायर चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे रंगाखाली गंज धरला होता. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला आणि पहिल्या चावीला चालू झालं. म्हणून ही तपासणी आधी करा: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि चावी फिरवा. दोन-तीन दशांश व्होल्ट दिसले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्हच्या बाजूलाही असंच बघा, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत. दोन्ही वायरी साफ करूनही फक्त टकच वाजत असेल तर सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचवर, संशय घ्या. तो स्वतंत्र मिळतो आणि सेल्फ बांधण्यापेक्षा स्वस्त पडतो. खांबांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, वरून व्हॅसलिन लावा. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

सोलेनॉइडच्या दोन खांबांना स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी मारून चालू करू नका. तसं केलं तर सुरक्षेचे सगळे स्विच बाजूला पडतात, मशीन गियरमध्ये असेल तर अंगावर येतं. आणि जीपच्या बॅटरीवरून चालू करायचंच असेल तर जीपचं इंजिन बंद ठेवा.

एक वेगळा प्रकारही माहीत असू द्या. सेल्फ फिरतो, इंजिन अर्धा फेरा घेतं आणि अडकतं, पुन्हा अर्धा फेरा. सगळे म्हणतात बॅटरी कमजोर. पण या एका सिलिंडरच्या इंजिनांत चालू करताना कॉम्प्रेशन थोडं सोडून देण्याची सोय असते आणि व्हॉल्व्हचं अंतर वाढलं की ती काम करत नाही. फिलर गेज (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून, माहितीपुस्तिकेत तुमच्या इंजिनला दिलेल्या अंतरावर व्हॉल्व्ह बसवले की तीच बॅटरी इंजिन सहज फिरवते.

आता रेस वर-खाली होण्याचं. टाकीत दिवाळीचंच पेट्रोल असेल तर तिथूनच सुरुवात करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि अशा लहान इंजिनांच्या पुस्तिकेत बहुधा १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जास्त पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो, तो तळाशी बसतो, आणि कार्बोरेटरला पेट्रोल जातं ते तळातूनच. शिवाय महिनाभरातच पेट्रोल जुनं व्हायला लागतं, हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. इंजिन थंड असताना, उघड्यावर, जवळ चूल-बिडी काही नसताना थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. दोन थर दिसले, रंग गडद झालेला दिसला किंवा आंबूस वास आला तर सगळं काढून टाका. फिल्टर नवा टाका, त्यावरचा बाण इंजिनाकडे असू द्या.

नवं पेट्रोल भरूनही रेस झुलत असेल तर कार्बोरेटर उघडा. नवा घ्यायची घाई कशाला? रेस झुलते म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा, रेस ओढून धरतो, सोडतो, पुन्हा ओढतो. चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढल्यावर आवाज स्थिर झाला तर याची खात्रीच. टाकीचा कॉक बंद करा, कार्बोरेटरची खालची वाटी एका बोल्टवर असते ती सोडा. काही मशीनला त्या जागी वायर जोडलेलं, पेट्रोल अडवणारं लहान सोलेनॉइड असतं, त्याची वायर आधी काढा. मेन जेट आणि लहान पायलट जेट, म्हणजे पेट्रोल जाणारी बारीक छिद्रं, यांवर कार्बोरेटर क्लीनर फवारा, बारीक वायरमधली एकच तांब्याची तार आत घालून हलकेच फिरवा. ड्रिल बिट किंवा जाड सुई घालू नका, छिद्र मोठं झालं तर मग खरंच नवा आणावा लागतो. प्रकाशाकडे धरून बघा, छिद्र गोल आणि मोकळं दिसलं पाहिजे. वाटीची रबर रिंग फुगली असेल तर बदला. अर्धा दिवस जातो, पण काम घरचं घरी होतं. आणि मशीन वीस मिनिटं चालून बंद पडत असेल, टाकीचं झाकण सैल केल्यावर पुन्हा चालत असेल, तर झाकणातलं हवेचं छिद्र मातीने बुजलंय. एवढंच असतं ते.

तिसरी तक्रार, पातं लावलं की बंद. यात आवाज ऐका. चावी बंद केल्यासारखं झटकन बंद पडतं का, की कुंथून, दबून बंद पडतं?

झटकन बंद पडत असेल तर सीटखालचा स्विच बघा. चालवणारा सीटवर नसेल तर पातं फिरू नये यासाठी तो असतो. उन्हाळ्यात उंदीर शेडमध्ये येतात आणि सीटखाली, इंजिनच्या पंख्याच्या झाकणाखाली घरटी करतात. मी एकदा झाकण काढलं तर आत कापसाचे बोळे आणि गवत ठासून भरलेलं होतं, आणि सीटच्या स्विचची वायर अर्धी कुरतडलेली. वायर जोडा, स्विच खराब असेल तर नवा घ्या. पण वायरचा तुकडा टाकून स्विच कायमचा चालू करून ठेवू नका. गावाकडे हा उपाय सर्रास सांगतात. पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या जवळपास फिरतं. बागेत फांदी आडवी येते, माणूस वाकतो, सीटवरून घसरतो. तेव्हा वाचवायला तो एकच स्विच असतो. लेकराला मांडीवर घेऊन मशीन चालवायचं नाही, हेही त्याच कारणाने.

कुंथून बंद पडत असेल तर प्लगची वायर काढून बाजूला बांधा, पातं बंद स्थितीत ठेवा, जाड हातमोजे घाला आणि पाती हाताने फिरवा. एखादं अडलं किंवा खरखर वाजलं तर स्पिंडलचं (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय किंवा काहीतरी गुंडाळलं गेलंय. आपल्या बागेत ते ‘काहीतरी’ म्हणजे ठिबकची १६ एमएमची नळी. तिचा तुकडा पात्यात गेला की स्पिंडलभोवती घट्ट वळतो, तापतो आणि सील वितळवतो. पहिल्या कापणीआधी सगळ्या लॅटरल (ठिबकच्या नळ्या) झाडाच्या बुंध्याकडे सरकवून खुंट्या मारा. हे एक काम केल्यापासून माझं एकही बेअरिंग गेलेलं नाही. जुनं बेअरिंग सोबत घेऊन जालन्याला जा. बऱ्याच मशीनमध्ये ६२०३ नंबरचं असतं आणि रोलिंग मिलमुळे तिथे बेअरिंगची दुकानं चांगली आहेत. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलंच घ्या.

बेल्टच्या बाबतीत मात्र तेच दुकान धोक्याचं. पिठाच्या गिरणीचा व्ही-बेल्ट मापात बसतो, पण मोवरचा बेल्ट सतत सैल-आवळ होतो आणि उलट्या बाजूनेही पुलीवर घासतो. गिरणीचा बेल्ट तिथे लवकर जळतो. कंपनीच्याच नंबरचा मागवा आणि काढण्याआधी मार्गाचा फोटो काढून ठेवा.

पाती वर्षात दोनदा काढतो. मूळ कोनातच ग्राइंडर चालवायचा, धार वस्तऱ्यासारखी करायची नाही. मग मधल्या छिद्रात खिळा घालून पातं भिंतीवर आडवं टांगायचं. जी बाजू खाली जाते ती पुन्हा घासायची. तोल नसलेलं पातं बेअरिंग खातं. बसवताना वळवलेला पंख वर, डेककडे, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाकडे. डेकखाली जायचं तेव्हा नुसत्या जॅकवर विसंबू नका, लाकडी ओंडके टेकवा. डेक खालून खरवडा, पाण्याचा प्रेशर स्पिंडलवर मारू नका.

कापणी एका बाजूला खाली-वर येत असेल तर डेक ढिलं करण्याआधी टायरची हवा मोजा. पुढे १४ आणि मागे १० पीएसआयच्या आसपास असते, माहितीपुस्तिकेतला आकडा बघून घ्या. पंक्चरवाला सवयीने मोटारसायकलइतकी हवा भरतो. त्याने टायर फुटू शकतो, शिवाय मशीन उड्या मारतं आणि सीटचा स्विच पुन्हा इंजिन बंद करतो.

ऑइल दर ५० तासांनी किंवा हंगामाला एकदा, जे आधी येईल ते. आपल्या उन्हात एसएई ३० चांगलं. प्लगचं अंतर बहुतेक इंजिनांना पाऊण मिलिमीटर. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, कॉम्प्रेसरने फुंकायचाही नाही, कागद फाटतो आणि काळ्या मातीची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. पावसाने उघडीप दिली की ही माती वाळून पिठासारखी उडते, म्हणून मी फिल्टर दर दहा तासांनी बघतो. पंख्याचं झाकण काढून सिलिंडरच्या पंखांमधलं गवत हंगामात एकदा तरी काढा.

यंदा दिवाळीनंतर मशीन असं ठेवा: टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, ऑइल बदला, बॅटरी काढून घरात सावलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या नळीला जाळी बांधा, उंदरासाठी. सुरू करताना जाळी काढायचं लक्षात राहावं म्हणून मी चावीलाच चिठ्ठी बांधतो.

आता डिपस्टिकचा वास, बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंगचा आकडा, एवढं इथे लिहा. पातं लावल्यावर झटकन बंद पडतं की कुंथून, तेही. कार्बोरेटरचं त्यानंतर ठरवू.