कोकणात कुत्र्याला घेऊन हिंडताना गोचीडतापापासून त्याला कसे सांभाळावे? कडुनिंबाचे तेल पुरते का?

तुम्ही मुंबईहून कुत्र्याला घेऊन राजापूरकडचे सडे म्हणजे कातळाची उघडी पठारे, बारसू आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे आणि जमल्यास आंबोळगडचा किनारा पाहायला येणार आहात. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर एका वाक्यात देता येते: तेल पुरत नाही. मी याच तालुक्यात राहते. आमचे चिऱ्याचे घर आणि कलमांची बाग सड्याच्या पायथ्याशी आहे, आणि "तेल चोळा, गोचिडींनी कुत्र्याला काही होत नाही" हे वाक्य माझ्या मोठ्या भावोजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

भावोजींचा आधार म्हणजे आमचा आधीचा कुत्रा काळू. एका पावसाळ्याच्या अखेरीस त्याला ताप आला, काही दिवस तो जेवला नाही, आणि मग कोणत्याही औषधाशिवाय उठून पुन्हा बागेत वानरांच्या मागे धावू लागला. गावठी कुत्रा स्वतःच बरा होतो, याचा भावोजींना मिळालेला हा पुरावा. पुढच्या उन्हाळ्यात काळूचे वजन उतरत गेले, नाकातून रक्त येऊ लागले आणि तो गेला, तेव्हा कोणी तरी विष घातले असावे असे ठरवून सगळे मोकळे झाले. त्याच्या रक्ताची तपासणी कोणी केली नाही, म्हणून मी निदान छातीठोकपणे सांगत नाही. परंतु गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जंतू नेमका असाच वागतो. सुरुवातीचा ताप दोन-चार आठवड्यांत ओसरतो, नंतर कित्येक महिने, कधी कधी वर्षेही, कुत्रा वरवर निरोगी दिसतो, आणि मग काही कुत्र्यांत अस्थिमज्जेतच रक्तपेशी तयार होणे मंदावते. या टप्प्यावर आलेला कुत्रा वाचणे फार कठीण असते. जर्मन शेफर्डसारख्या जातींना हा आजार अधिक तीव्रतेने होतो हे खरे, पण त्यावरून गावठी कुत्र्याला तो होतच नाही असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

काळूनंतरचा आमचा कुत्रा तांबू याच्या वेळी मी ते घडू दिले नाही. दिवाळीनंतर सड्यावर गवत कापायला माणसे जात होती आणि तांबू दिवसभर त्यांच्याबरोबर असे. एके सकाळी त्याने भाकरीकडे पाहिलेही नाही. भावोजींनी ऊन लागल्याचे निदान केले, कडुनिंबाचा पाला उकळून त्याला आंघोळ घातली आणि कानातल्या गोचिडींवर रॉकेल लावायला ते निघाले. मी त्याचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या फिकट पडल्या होत्या, आणि पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. ते ठिपके म्हणजे कातडीखालचा रक्तस्राव. मी रिक्षा बोलावली, भावोजींचे बोलणे ऐकत राहिले आणि त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त काढले. प्लेटलेट पेशी फार खाली आलेल्या होत्या आणि निदान एर्लिकिओसिसचे, म्हणजे याच एर्लिकियाच्या आजाराचे झाले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक 28 दिवस द्यायचे होते. दोन-तीन दिवसांतच तांबू शेपूट हलवू लागला, तेव्हा "आता कशाला गोळ्या, पोट बिघडेल" असा नवा वाद घरात सुरू झाला. मी 28 दिवस पूर्ण केले. गोळी उपाशीपोटी किंवा कोरडी दिली नाही, जेवणाबरोबर दिली आणि वर पाणी पाजले, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

आता तुमच्या प्रवासाविषयी. लोक सड्यावरच्या गवताला घाबरतात आणि गोठ्याला दोष देतात. परंतु गुरांवरची गोचीड बहुधा वेगळ्या जातीची असते, आणि एर्लिकिया पसरवणारी तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्यावरच जगते. पिल्लू, मधली अवस्था आणि प्रौढ, तिन्ही वेळा ती कुत्र्याचेच रक्त पिते आणि मधल्या काळात खाली उतरून भेगांत लपते. पोट भरलेली मादी हजारो अंडी घालते, तीही बहुधा उंचावर, भिंतीच्या फटीत. आमच्याकडची गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत, दगडावर दगड रचलेला गडगा आणि पडवीचा कोपरा या तिच्या आवडत्या जागा आहेत. म्हणून तुमच्या कुत्र्याला खरा धोका उघड्या कातळापेक्षा, जिथे घरमालकाचा किंवा गावातला कुत्रा रोज झोपतो त्या जागेचा आहे. मुक्कामाला त्याचे अंथरूण घरून आणा, ते खोलीच्या मध्यभागी घाला, आणि चहाच्या टपरीवर किंवा देवळाच्या पायरीवर दुसऱ्या कुत्र्याच्या जागेवर त्याला बसू देऊ नका. गवत आणि झाडीतही गोचिडी असतात, पावसाळ्यात आणि त्यानंतर विशेष, म्हणून गवतातून फिरल्यावर तपासणी चुकवू नका.

निघण्यापूर्वी पशुवैद्यांना विचारून अफोक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनरची गोळी द्या. पहिलीचा परिणाम सुमारे महिनाभर आणि दुसरीचा 12 आठवड्यांपर्यंत टिकतो. मात्र गोळी गोचिडीला ती चावल्यानंतर मारते आणि एर्लिकिया काही तासांतच शरीरात जाऊ शकतो, म्हणून गोचीड अंगाला लागू न देणारा फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचा पट्टाही जोडीला बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मानेवर टाकायचे थेंब निवडले तर त्यानंतर दोन दिवस त्याला समुद्रात सोडू नका. खाऱ्या पाण्याने गोचीड मरत नाही, थेंबांचा परिणाम मात्र कमी होतो. एर्लिकिओसिसवर लस उपलब्ध नाही.

रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली हाताने चाचपा. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. ती नखाने चिरडू नका. रॉकेल आणि तंबाखूचे पाणी यांनी कुत्र्याची कातडी भाजते किंवा त्याला विषबाधा होते, आणि गोचीड तरीही आपले काम करून जाते. गुरांच्या औषधाचे अंदाजाने केलेले मिश्रणही तितकेच घातक आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. झटके येणाऱ्या कुत्र्याला वरील गोळ्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय देऊ नयेत, आणि लहान पिल्लांसाठी वय व वजन पाहूनच औषध ठरते. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध तिच्या जवळपासही नको, ते तिच्या जिवावर बेतते. दोडामार्ग-सावंतवाडीकडे गेलात तर जानेवारी ते मे या काळात माणसांनीही सावध राहावे, कारण 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात आढळलेला माकडताप 2016 पासून सिंधुदुर्गातही आहे आणि तोही गोचिडींतूनच पसरतो, फक्त त्या जंगलातल्या वेगळ्या जातीच्या असतात.

परत गेल्यावर साधारण तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडणे, ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा काळ्या चहासारखी लघवी यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि कोकणात जाऊन आल्याचे डॉक्टरांना सांगा. लघवीचा तो रंग बहुधा बॅबेसिया या गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूमुळे असतो, आणि त्याचे औषध वेगळे असते. ताप मधेच आपोआप उतरला तरीही तपासणी करून घ्या. माझ्या भावोजींना हे अजूनही मान्य नाही, आणि मी त्यांच्याशी या एका बाबतीत तडजोड करणार नाही.