कॉम्प्युटर कशासाठी, ते आधी खरं सांगा

मागच्या अंकात कॉम्प्युटर खरेदीबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं पुष्कळ आली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त 'अभ्यासासाठी' या एकाच शब्दानं सुरू होतात. मी गंगाखेडला २००५ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग घेते. मागच्या खोलीत माझा धाकटा भाऊ दुरुस्ती करतो. गिऱ्हाइकाच्या तोंडून 'अभ्यासासाठी' आलं की आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो. का, ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : ताई, मुलगा परभणीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेलूहून रोज रेल्वेनं ये-जा करतो. सोयाबीनचे पैसे आले आहेत, त्यातले साठ हजारांपर्यंत कॉम्प्युटरला घालू शकतो. एका दुकानदारानं कागदावर लिहून दिलं आहे : आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, सगळं मिळून ३८ हजार. मुलगा म्हणतो अभ्यासाला असाच लागतो. मला यातलं काही कळत नाही. घेऊन टाकू का?
— एक शेतकरी वडील, सेलू

उत्तर : दादा, थांबा. विसार दिला नसेल तर देऊ नका.

'आय सेव्हन' एवढंच लिहिणं म्हणजे नुसतं 'बैल' लिहिण्यासारखं आहे. तुम्ही बाजारात बैल घेताना दात बघता ना? दोन दाती आहे, चार दाती आहे की सगळे दात येऊन जुळला आहे? आय सेव्हन हा इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. त्याचे दात म्हणजे त्याच्या नावापुढचा आकडा. आय सेव्हन ३७७० असेल तर तो तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. आय फाइव्ह १२४०० असेल तर बाराव्या पिढीचा, २०२२ चा. नाव लहान असलं तरी हा दुसरा त्या म्हाताऱ्या सेव्हनला सहज मागं टाकतो. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेली जुनी मशिनं साफसूफ करून विकायला येतात. त्यात चोरी नाही, पण ती जुनी आहेत हे कागदावर लिहायला पाहिजे. शिवाय मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीचं मशिन आज घेणं म्हणजे जुळलेल्या बैलावर नवी झूल घालणं.

'४ जीबी ग्राफिक कार्ड', म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा वेगळा भाग, याचीही तीच गत. नाव विचारा. जीटी ७३० निघालं तर ते २०१४ चं कार्ड आहे. त्याला चार जीबीची मेमरी लावली तरी पिंप मोठं आणि तोटी बारीक. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच जे ग्राफिक्स असतं, ते या वेगळ्या कार्डापेक्षा बरं चालतं.

आता मुलाचं. त्याच्या अभ्यासाला आय सेव्हन लागत नाही आणि ग्राफिक कार्डही लागत नाही. प्रोग्रॅमिंग, प्रोजेक्टचे रिपोर्ट, थोडंफार ड्रॉइंग यांना बऱ्यापैकी नवा कुठलाही प्रोसेसर, १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) भरपूर झाली. तो जर 'असाच लागतो' म्हणत असेल तर त्याला गेम खेळायचे आहेत. रागावू नका. त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, 'कोणते गेम?' तो दचकेल, मग नावं सांगेल. ती नावं दुकानदाराला सांगायची. कारण मशिन किती ताकदीचं पाहिजे हे गेम ठरवतो. अभ्यासाला कमी ताकदीतही भागतं.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. २००३ साली कापसाचा चुकारा आला आणि मी दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, मागं लागले : एमएस-सीआयटीसाठी कॉम्प्युटर पाहिजे. खरं कारण वेगळं होतं. परभणीला मावसभावाकडं मी व्हाइस सिटी नावाचा गेम बघितला होता आणि झोप उडाली होती. दुकानदारानं विचारलं, 'कशासाठी पाहिजे?' दादा शेजारी उभे. मी म्हणाले, 'अभ्यासासाठी.' त्यानं अभ्यासाचाच कॉम्प्युटर दिला. त्याचा काय दोष? घरी आणून गेम टाकला तर गाडी कापसाच्या बैलगाडीच्या चालीनं रस्ता कापायची. कार्ड टाकावं म्हणून कॅबिनेट उघडलं, तर बोर्डावर, म्हणजे सगळे भाग बसतात त्या मदरबोर्डावर, एजीपी या तेव्हाच्या ग्राफिक कार्डाची खाचच नाही. त्या दिवशी खरं बोलले असते तर सहा-सातशे रुपये जास्त देऊन खाच असलेला बोर्ड आला असता. नंतर दोन वर्षं शिकवण्यांचे पैसे साठवून बोर्ड बदलला, तेव्हा चार हजार गेले. आणि दादांना काय कळायचं ते कळलंच. एका रात्री मागं उभं राहून त्यांनी विचारलं, 'हे एमएस-सीआयटीत येतं का?'

तुमच्या साठ हजारांत काय करावं? वर सांगितलेला ५६००जी किंवा त्याच्या तोडीचा, पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. पोटातलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळं एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांवर ते चांगलं पळतं. व्हॅलोरंट हा गेम यावर मजेत चालतो, जीटीए ५ सुद्धा सेटिंग उतरवून चालतो. वेगळं कार्ड आज नको. पोरगा वर्षभर पास होऊ दे, मग त्याच बोर्डावर बसवता येईल. म्हणून एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा, मात्र आजच नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॅटचा घ्या. तिथं वाचवलेले हजार रुपये पुढं सगळं मशिन घेऊन जातात. भाव मात्र ज्या दिवशी घेणार त्याच दिवशी विचारा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५ च्या शेवटापासून, रॅमचे भाव असे चढलेत की मागच्या महिन्याचा कागद कामाला येत नाही. आणि जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर. वॉरंटी त्या नंबरावर असते, दुकानदाराच्या हसण्यावर नाही.

आता जे कुणीच विचारत नाही ते : अर्थिंग. आपल्याकडं कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात 'थोडा करंट मारतोच कॉम्प्युटर.' अर्थिंग नीट असेल तर मारत नसतो. एसएमपीएसच्या आत विजेतली खरखर जमिनीत सोडण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. जमिनीची वाटच नसली की ती वीज पत्र्यावर थांबते आणि तुमच्या बोटातून जाते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका विद्यार्थ्याचं मशिन दर अर्ध्या तासाला बंद पडायचं. माझ्या भावानं रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, विंडोज नव्यानं टाकली. शेवटी तो त्याच्या घरी गेला. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, पण आपली काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते तुम्हाला सांगायला नको. खड्डा कोरडा ठक्क. मीठ-कोळसा नवा भरला, चार बादल्या पाणी ओतलं, आणि मशिन त्या दिवसापासून गप चाललं. उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या तिथं ओतत जा. आणि खोलीतल्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकात खरंच वायर आली आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या. आमच्याकडं निम्म्या घरांत ते भोक शोभेचं असतं.

लाइट जाते म्हणून यूपीएस घ्यालच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आत्ताच्या मशिनला तो पुरतो. पुढं मोठं कार्ड बसवलं तर गेम ऐन रंगात असताना लाइट गेली की तोही मान टाकेल. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगल्या एसएमपीएसना त्रास होतो.

प्रश्न : मी बीसीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओ बघून स्वतः पार्ट मागवले आणि जोडले. आय फाइव्ह १२४००एफ, बोर्ड, रॅम सगळं नवं. पंखा फिरतो, लाइट लागतात, मॉनिटरवर काहीच येत नाही. घरचे म्हणतात, बघ, पोरीचं काम नव्हतं. काय चुकलं?
— उदगीरची एक विद्यार्थिनी

उत्तर : जोडणीत बहुधा काहीच चुकलं नाही, घरच्यांना हे वाचून दाखव. चुकलं ते एक अक्षर. १२४०० च्या पुढं 'एफ' असला की त्या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नसतं, म्हणून तो स्वस्त असतो. वेगळं कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. एखाद्या मैत्रिणीचं चालू कार्ड तासभर आण, बसव, मॉनिटरची वायर बोर्डाला न लावता त्या कार्डाला लाव. चित्र येईल. मग ठरव : परत करायची मुदत असेल तर एफ नसलेला घे, नाहीतर कार्डासाठी पैसे साठव. जुनं कार्ड घेणार असशील तर विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास गेम चालवून बघ. 'घरी चालत होतं' यावर घेऊ नकोस.

आणि तू पत्राच्या शेवटी जीटीए ५ मोबाइलच्या नेटवर उतरवायचा विचार लिहिला आहेस. तो गेम शंभर जीबीच्या आसपास आहे. रोजचे दोन जीबी धरले तर पन्नास दिवस, तेही व्हॉट्सअॅप बंद ठेवून. कॉलेजात कुणाकडं असेल तर पोर्टेबल डिस्कवर फाइल आण, खातं मात्र स्वतःचं ठेव. विकत घ्यायची घाई करू नकोस : एपिक गेम्सच्या दुकानात दर गुरुवारी काहीतरी फुकट असतं, आणि स्टीम या तशाच दुकानात घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. आमच्या वेळी बसस्टँडवर चाळीस रुपयांची सीडी मिळायची, आणि गेमबरोबर व्हायरस फुकट.

प्रश्न : मुलगा अकरावीला लातूरला असतो. दिवाळीत घरी आला तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर बीजीएमआय नावाचा गेम. आता म्हणतो कॉम्प्युटर घेऊन दिला तर मोबाइलवर खेळणार नाही. घेऊन द्यावा का?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : बाई, दिवाळीत घरी आलेलं लेकरू. लातूरला सकाळी सहापासून क्लास आणि रात्री अभ्यासिका, हे तुम्ही मला सांगायला नको. सुट्टीत चार रात्री जागला म्हणून घाबरू नका. घाबरायचं कधी? जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या आजाराची व्याख्या केली आहे, ती २०२२ पासून लागू आहे. खेळावरचा ताबा सुटणं, जेवण-झोप-मित्र सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. तसं वाटत असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर बोला, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच बघा : तो पैसे लावून काही खेळतो का. रमीसारख्या पैशाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, तरी चोरवाटा असतातच. बँकेचा मेसेज तुमच्या नंबरवर येऊ द्या.

कॉम्प्युटर? बारावी होईपर्यंत नको. पण 'अभ्यासासाठी बारावीनंतर देऊ' असं म्हणू नका. 'गेमसाठी बारावीनंतर देऊ' म्हणा. त्याला खोटं बोलायची गरजच उरणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त तलाठी, वय ६४. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हापासून परत डाव मांडायची हौस आली आहे, पण गावात जोडीदार नाही. मुलाचा २०१३ चा कॉम्प्युटर कोपऱ्यात पडून आहे, त्यावर विंडोज ७ आहे. फक्त खेळण्यासाठी नवा कॉम्प्युटर घ्यावा, तर घरचे हसतात.
— हिंगोली

उत्तर : काका, या महिन्याच्या सगळ्या पत्रांत तुम्ही एकट्यानं खरं लिहिलंत. नवा घेऊ नका, कारण लागतच नाही. जुन्याची हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा, आणि कुणा पोराकडून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून घ्या. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला, त्यावर बँकेचं काम चुकूनही करू नका. बुद्धिबळासाठी लिचेस नावाची साइट आहे : फुकट, जाहिराती नाहीत, रात्री तीनलाही जोडीदार मिळतो. सुरुवातीला दहा मिनिटांचे डाव खेळा, तीन मिनिटांच्या डावात पोरं घड्याळावर हरवतात.

आमचे दादा पुढं रोज रात्री त्या माझ्या कॉम्प्युटरवर पत्ते लावायचे. विचारलं की म्हणायचे, 'माउसची सवय करतोय.' माउस मात्र चांगला घ्या, काका. दोनशेचा घेतलात तर ऐन डावात वजीर भलत्याच घरात पडतो.