निपाणी-बेळगाव भाजी वाहतो; डिझेल व्हॅन रिमॅप केल्यावर ॲव्हरेज वाढतं का?

वाढतं, पण थोडं, आणि तेही पाय हलका असेल तरच. रिमॅपमध्ये ईसीयूतलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं, डिझेल आणि टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) दाबाचं गणित बदलतात. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, जोर मिळतो, त्यामुळं वाटेतल्या तवंदी घाटात गिअर कमी वेळा पाडावा लागतो; बचत तिथंच. जोर आलाय म्हणून हायवेला शंभरनं पळवलीत तर डिझेल उलट जास्त जाणार.

निपाणी-बेळगाव भाजी वाहता म्हणताय, तर आधी एअर फिल्टर उघडून बघा. ऊस हंगामात माझा काढला, तर अंगणात मातीचा ढीग! टायरची हवा, इंजेक्टर, टर्बोच्या पाइपची गळतीही तपासा. वॉरंटी चालू असेल तर रिमॅपच्या नादाला लागू नका. ‘ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) बंद करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र लांबूनच नमस्कार, ते कायद्यात बसत नाही.